भिंगावरचा हात

"दादा, आज नुसतं मशीनकडे बघू नकोस हं. पडद्याकडे पण बघ," कांता म्हणाली.

चांगदेवने मान वर केली नाही. तो फिल्मचं टोक दातेरी चाकांवर बसवत होता आणि अशा वेळी त्याला कोणी बोललेलं खपत नसे, सख्ख्या बहिणीनेसुद्धा. त्याने फिल्मचा झोल नीट सोडला, भिंगामागची फट बंद केली, चाक हाताने एकदा फिरवून पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

"पडद्याकडे बघायला एवढी पब्लिक आलीय ना? मी पण तिकडेच बघत बसलो तर फिल्म कोण बघणार?"

"आजच्या दिवस बघ. शेवटचा सिनेमा आहे, वीसच मिनिटांचा. माझ्यासाठी बघ."

"तुझा काय संबंध गं त्याच्याशी?"

"आधी बघ, मग बोलू. ते आंबिवलीचंही मगच बोलू."

एवढं बोलून ती पुढे तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिच्या शेजारी मंजुळा आधीच येऊन बसली होती. मंजुळा म्हणजे कांताची खोलीतली जोडीदारीण. कोळ्यांची मुलगी, पाट्या आणि होड्या रंगवायची. चांगदेवला तिच्याबद्दल एवढीच माहिती होती आणि याहून जास्त काही असेल असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवून सकाळी नऊ वाजता रात्र केलेली होती. रसिक चित्र मंडळाची माणसं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळी उरकून, इस्त्रीचे कपडे घालून, सहसा कोणाला न कळणारे सिनेमे बघायला इथे जमत आणि बघून झाले की त्यांवर तासभर बोलत. त्यांचं मशीन चालवायला चांगदेव कल्याणहून येई. एरवी तो सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होता. जीप, मशीन, जनरेटर, गुंडाळलेला पडदा आणि चांगदेव, अशी ती वरात तीस वर्षं मुरबाड-शहापूरच्या गावांतून हिंडत होती.

आंबिवलीचं म्हणजे सहदेवचं स्थळ. सहदेव शहाडच्या कारखान्यात फिटर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलं नाहीत, स्वभाव गरीब. कांता अडतीस वर्षांची झाली होती. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होती, स्वतःच्या पायावर उभी होती, पण अडतीस म्हणजे अडतीस. आज चार वाजता सहदेव कोळसेवाडीत चांगदेवच्या घरी तिला बघायला येणार होता. कांताने हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. "आधी रविवारचा सिनेमा बघ," एवढंच म्हणाली होती. सिनेमाचा आणि लग्नाचा काय संबंध, ते चांगदेवला आठवडाभर विचार करूनही उमगलं नव्हतं.

आता चांगदेवच्या हाताची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या हातानेच केलं.

त्या हाताची मुरबाडकडे फार कीर्ती होती. गावात आधी सरकारी माहितीपट दाखवायचा: कुटुंबनियोजन, देवीची लस, सुधारित बियाणं. पण नुसत्या लसीला कोण येतं? म्हणून शेवटी एखादा जुना सिनेमा लावायचा. सिनेमातले दोघं झाडामागे गेले की सतरंजीवरच्या बायका पदर तोंडाला लावत, म्हातारे जमिनीकडे बघत आणि सरपंच खाकरत. तेवढ्यात चांगदेवचा उजवा तळहात भिंगासमोर आलेला असे. पडदा काळा, गाणं चालू. कडवं संपलं की हात बाजूला, आणि नायिका सभ्यपणे नदीवरून पाणी आणत असायची. सरपंच खूश होऊन त्याला मटण खाऊ घालत. ऑफिसात त्याला सगळे सेन्सॉरसाहेब म्हणत आणि त्याला ते आवडत असे. तीस वर्षांत हात इतका तयार झाला होता की डोक्याला विचारायला थांबत नसे. दोन चेहरे जवळ आले की तो वर गेलेला असे.

कांता दहा वर्षांची असताना वडील गेले. ते रेल्वेत खलाशी होते. तेव्हापासून चांगदेवच तिचा भाऊ आणि बाप. सुट्टीत तो तिला गाडीवर बरोबर न्यायचा. ती मशीनच्या रिकाम्या पेटीवर बसायची आणि पडदा काळा झाला की विचारायची, "दादा, हाताखाली काय आहे?"

"काही नाही. फिल्म खराब आहे तेवढी."

तिने ते बरीच वर्षं खरं मानलं होतं.

शेवटचा सिनेमा लागला. नाव आलं, 'ओला रंग'. करणारी ठाण्याच्या भोईरांची मुलगी, कधी काळी कांताची विद्यार्थिनी, पुढे सिनेमाचं शिक्षण घेतलेली. ती स्वतः आली नव्हती. तिला परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवाला जायचं होतं आणि हे एकुलतं एक रीळ दुपारीच तिच्याकडे पोचवायचं होतं. कांतानेच रिळाचा डबा सकाळी छातीशी धरून आणला होता. चांगदेवला वाटलं, शिष्येचं कौतुक.

त्याने शब्द दिल्याप्रमाणे पडद्याकडे पाहिलं. काळं-पांढरं चित्र, बोलणं जवळजवळ नाही. खाडीच्या चिखलात एक उपडी होडी आणि तिच्यावर नाव रंगवणारी एक बाई. मग एक शाळा, फळ्यावर मोर काढणारी दुसरी बाई. मग एक खोली. दोघी त्याच खोलीत राहतात. एक स्टोव्ह पेटवते, दुसरी भाकरी थापते. एक चित्र काढते, दुसरी मागे उभी राहून नाक मुरडते, तेव्हा पहिली तिच्या नाकालाच रंग लावते. लोक हसले. चांगदेवही हसला. बरा आहे की सिनेमा, कळतोय, असं त्याला वाटलं.

आणि मग त्याला गोधडी दिसली.

खाटेवर घडी घालून ठेवलेली गोधडी. फळ्यावर मोर काढणाऱ्या बाईने ती उलगडली आणि अंगावर घेतली. मधोमध आईच्या लुगड्याचा पट्टा, चारी कडांना वडिलांच्या रेल्वेच्या डगल्याचे तुकडे. पडद्यावर सगळं काळं-पांढरं होतं तरी चांगदेवला तो डगला निळाच दिसला. ही गोधडी आईने शिवली होती. आई गेल्यावर ती कांताने मागून घेतली होती. ती इथे कशी? या परक्या बाईच्या अंगावर कशी?

तो खोली नीट बघू लागला. कोनाड्यातली बाबासाहेबांची तसबीर, तिची तडकलेली काच. खिडकीच्या गजाला बांधलेला आरसा. ही ठाकुर्लीची खोली होती. कांताची. तो तिथे दोन-तीनदाच गेला होता, तेही दारात उभ्या उभ्या चहा पिऊन परत. सहा वर्षांपूर्वी कांता "शाळा जवळ पडते" म्हणून तिकडे राहायला गेली, तेव्हा कल्याणहून डोंबिवलीची शाळा अशी कोणती विलायतेला आहे, असं त्याने विचारलं होतं. तिने नुसती ट्रंक उचलली होती.

बायका परक्या, खोली ओळखीची, गोधडी आईची. चांगदेवच्या डोक्यात नुसता कालवा झाला. भोईरांच्या मुलीने खोली वापरायला मागितली असेल, कांताने दिली असेल, गोधडी तिथेच पडलेली असेल. झालं, त्यात काय! पण मग "माझ्यासाठी बघ" कशाला म्हणाली?

पडद्यावर होडीवाली संध्याकाळी घरी आली. तिची बोटं तेलरंगाने बरबटली होती. मोरवालीने तिला गोधडीवर बसवलं, चिंधीवर रॉकेल घेतलं आणि तिचा हात मांडीवर ठेवून ती एकेक बोट पुसू लागली. हळूहळू, घाई नाही. होडीवाली तिच्याकडे बघत होती. चांगदेवने असं बघणं सिनेमात शेकडो वेळा पाहिलं होतं, झाडामागे जायच्या जरा आधीचं. मोरवालीने तो हात उचलला आणि स्वतःचा चेहरा खाली आणला.

पडदा काळा झाला.

आपला हात भिंगासमोर आहे हे चांगदेवला नंतर कळलं. तळहाताला दिव्याची ऊब लागत होती आणि बोटांच्या कडांतून उजेड तांबूस झिरपत होता. हॉलमध्ये कोणी हललं नाही. आता हात काढायचा कधी? गाण्याच्या सिनेमात कडवं संपलं की काढायचा, एवढं त्याला ठाऊक होतं. इथे गाणं नव्हतं. नुसता कुठल्याशा पंख्याचा कुरकुर आवाज येत होता. हा सिनेमा त्याने पूर्वी पाहिलेला नव्हता, आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, आणि हात काढावा तर नेमकं नको ते दिसायचं. ती गोधडी आईची होती हो! आईच्या गोधडीवर काय दिसणार होतं? तो तसाच उभा राहिला. त्या अंधारात शंभर डोकी पुढे बघत होती आणि एकच चेहरा मागे वळला होता. कांताचा.

त्याने हात काढला तेव्हा पडद्यावर सकाळ झाली होती. खोली रिकामी, खिडकीत वाळत घातलेली चिंधी, आणि सिनेमा संपला.

दिवे लागले. खांबेटे सर पुढे आले. खांबेटे मंडळाचे चिटणीस, बँकेत नोकरी आणि सिनेमात जीव.

"मित्रहो," ते म्हणाले, "मी तो अंधार पाहून थक्क झालो. मिनिटभराहून जास्त! पडद्यावर काहीही नाही. जे समाज बघू शकत नाही, ते दिग्दर्शिकेने दाखवायलाच नकार दिला. केवढं हे धाडस!"

"आणि सर, कडेला तो तांबूस उजेड लक्षात आला का?" पहिल्या रांगेतला एक झोळीवाला तरुण उठून म्हणाला. "अख्ख्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात तेवढाच लाल! मला तर ते रक्त वाटलं."

"मला गर्भाशय वाटलं," एक बाई म्हणाल्या.

रक्त आणि गर्भाशय मशीनच्या मागे उभं राहून जानेवारीत घाम पुसत होतं. दहा-बारा माणसं त्या अंधारावर बोलली. कोणी म्हणालं, सिनेमाचा कळस तोच. कोणी म्हणालं, तो थोडा लांबला. चांगदेवला एकदा वाटलं, पुढे होऊन सांगावं, पण तो मशीनची वायर गुंडाळत राहिला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मंजुळा उभी राहिली.

"तिथं कालोख नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" खांबेट्यांनी चष्मा वर केला. "आपण कोण?"

"मी? त्यातली होडी मी रंगवलीय. तिथं कालोख नाय सर. तिथं आमी..." ती थांबली. कांताने तिचा पदर खाली ओढला होता. "तिथं बाया हायत. दोगी. बसल्यात," एवढं बोलून ती खाली बसली.

"वा," खांबेटे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला त्या अंधारातही दिसल्या. हेच तर सिनेमाचं यश आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते 'आमी' हॉलमध्ये एकट्या चांगदेवलाच ऐकू आलं असावं. ते त्याच्या कानात शिरलं आणि तिथेच बसून राहिलं.

लोक पांगले. चांगदेव रीळ उलटं गुंडाळत होता तेव्हा कांता टेबलापाशी आली. डोळे कोरडे होते. ती रडत असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"हात का ठेवलास दादा?"

"ठेवला नाही गं. गेला तो."

"घाण नव्हतं तिथं काही."

"मी कुठं म्हटलं घाण होतं म्हणून?"

"हात ठेवलास म्हणजे तेच म्हटलंस."

"परत लावतो," तो म्हणाला. "आत्ता लावतो. तू, मी, मंजुळा, तिघंच बघू. वीस मिनिटं तर आहेत."

पण हॉलमध्ये चार माणसं खुर्च्या लावायला शिरली होती आणि एकाने खिडकीवरचा काळा कागद टराटरा फाडला. दुपारी तिथे वधू-वर मेळावा होता. दारात भोईरांचा मुलगा स्कूटर चालू ठेवून रिळासाठी उभा होता.

"ती गोधडी आईची ना?" चांगदेवने विचारलं.

"हो."

"मग ती बाई..."

"ती नाटकात काम करते. खोली माझी आहे, गोधडी माझी आहे. बाकीचं तुला कळायला पाहिजे होतं." कांताने त्याच्या हातातून रीळ घेतलं आणि डब्यात ठेवलं. "मला तोंडाने सांगता येत नाही रे. सहा वर्षं प्रयत्न करतेय. म्हणून तर डब्यात घालून आणलं होतं. तूच लावणार, तूच बघणार, असं मी त्या पोरीला सांगून ठेवलं होतं. म्हटलं, दादा बघेल."

तिने डबा बंद केला आणि दाराकडे गेली. तिथे मंजुळा दोघींच्या चपला हातात घेऊन उभी होती.

कल्याणला उतरल्यावर चांगदेव घरी गेला नाही. तो कसाऱ्याच्या गाडीत बसला आणि आंबिवलीला उतरला. सहदेवला काय सांगायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. खरं तर त्याला काहीच ठरवता येत नव्हतं. राग आला होता का? आला असावा, पण कोणाचा ते सापडत नव्हतं. लाज वाटत होती का? वाटत होती, पण कांताची की स्वतःच्या हाताची, तेही धड कळत नव्हतं. एकच गोष्ट स्पष्ट होती. सहदेव चार वाजता आला, कांता समोर येऊन बसली, पोह्यांची बशी पुढे केली, तर ती आज नाही म्हणणार नाही. सकाळच्या त्या अंधारानंतर ती हो म्हणेल, आणि मग जन्मभर आपल्याशी नीट बोलेल, हसेल, दर दिवाळीला ओवाळेल, पण खरं असं काही कधी सांगणार नाही.

सहदेव बनियनवर उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता.

"जय भीम चांगदेवराव! अहो, मीच येत होतो की चारला."

"जय भीम. येऊ नका, हेच सांगायला आलो."

सहदेवने इस्त्री उभी केली. "का? बाईंना पसंत नाही?"

"तसं नाही. तिचं जमलेलं आहे."

"अच्छा." त्याने शर्टाची कॉलर हाताने सरळ केली. "आपल्यातलंच आहे का कोणी?"

"नाही. कोळ्यांपैकी."

"मग तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"आज सकाळी कळलं. ते पण अर्धंच."

सहदेव हसला. वाईट वाटल्यावर हसतात तसा हसला, पण मनाने मोठा माणूस. "जातपात काय घेऊन बसलाय आता. माणूस चांगलं आहे ना? दारूबिरू नाही ना?"

"नाही नाही. पेंटर आहे. मेहनती आहे."

"मग झालं तर. देऊन टाका परवानगी." त्याने अर्धी इस्त्री झालेला शर्ट खुंटीला लावला. "चहा घेऊन जा. तुमचा चेहरा उतरलाय."

घरी त्याच्या बायकोने, भीमाबाईने, पाहुण्यांसाठी पोहे भिजवून ठेवले होते. पाहुणे येत नाहीत हे ऐकून तिने कारण विचारलं नाही. तिने त्याच पोह्यांना फोडणी दिली आणि नवऱ्यापुढे बशी ठेवली.

"आईची गोधडी केवढी होती गं?" त्याने विचारलं.

"कोणती? कांताताईंकडे आहे ती? एकेरी. सासूबाई एकेरीच शिवायच्या."

"एक मोठी शिव. तुझ्या जुन्या साड्या आहेत ना पेटीत?"

"कोणाला?"

"कांताला."

"एकट्या बाईला मोठी कशाला हवी?"

चांगदेवने पोहे चिवडले.

"एकटी कुठाय ती," तो म्हणाला.

भीमाबाई पदराने हात पुसून समोर येऊन बसली. "चला, कळलं एकदाचं. किती वर्षं ओरडतेय मी, ताईंना स्थळं आणू नका म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कोण काय सांगणार? पण मी त्यांच्याकडे जेवलेय. मंजुळा आपल्या ताटातला मासळीचा तुकडा काटा काढून ताईंच्या ताटात टाकते. विचारत नाही, बघत पण नाही, बोलता बोलता टाकते. तुम्ही कधी टाकलात माझ्या ताटात?"

"पण म्हणजे हे... असं असतं का गं?"

"मला काय विचारता? असेल. दिसतंय तर." ती उठली. "पेटी काढून द्या खाली. माझी कंबर दुखते."

गोधडी शिवून व्हायला पाच आठवडे लागले. थंडी संपत आल्यावर गोधडी घेऊन निघणारा माणूस म्हणजे चांगदेवच. त्या पाच आठवड्यांत कांता एकदाही कल्याणला आली नाही. मधे खांबेटे सरांकडून बातमी कळली की भोईरांची मुलगी तिकडेच राहिली आणि तिचं सामान कुठल्याशा विमानतळावर गहाळ झालं. रीळ त्या सामानात होतं की नव्हतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढेही ते कधी परत आलं नाही. ज्यांनी तो सिनेमा पाहिला ती सगळी त्या रविवारची हॉलमधली माणसं, आणि त्यांनी पाहिला तो चांगदेवने दाखवला तेवढा.

एका शनिवारी संध्याकाळी तो ठाकुर्लीला गेला. जुन्या पॉवर हाऊसच्या बाजूने चालत, बगलेत दोरीने बांधलेली वळकटी. दार कांताने उघडलं. ती त्याच्याकडे आणि वळकटीकडे बघत राहिली.

"वहिनीने दिलीय," तो म्हणाला. अर्ध्याच्या वर खोटं होतं ते.

"आत ये."

या वेळी तो आत गेला. पहिल्यांदाच खाटेवर बसला. तडकलेल्या काचेतली तसबीर, गजाला बांधलेला आरसा, सगळं होतं तिथेच होतं. फक्त इथे रंग होते. भिंत पिवळी होती, हे सिनेमात कळलं नव्हतं. कांताने दोरी सोडली आणि गोधडी जमिनीवर पसरली. गोधडी पसरतच गेली. या भिंतीपासून स्टोव्हपर्यंत पोचली. भीमाबाईची लग्नातली जांभळी साडीसुद्धा त्यात होती. कांता गुडघ्यांवर बसून तिचे टाके चाचपत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती हात फिरवत गेली आणि दुसऱ्या टोकाशी गेल्यावर तिला मान वर करता येईना.

"एवढी मोठी, दादा?"

"आईची एकेरी होती. म्हटलं, दोघींना पुरत नसेल."

कांताने नाक ओढलं, उठली आणि चहा टाकला.

चहा होतोय तोवर मंजुळा कामावरून आली. डोंबिवलीत एका दुकानाची पाटी रंगवून आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. चांगदेवला बघून ती दारातच थबकली.

"कवा आलाव दादा?"

"आत्ताच."

"बसा बसा. मी हात धुतंय."

"थांब," कांता म्हणाली.

तिने चांगदेवच्या हातात कपबशी दिली. कप काठोकाठ भरलेला होता. मग तिने कोनाड्यातली चिंधी घेतली, बाटलीतलं रॉकेल तिच्यावर ओतलं आणि मंजुळाला नव्या गोधडीच्या कडेला बसवलं.

"अगो, दादा हायत," मंजुळा हळूच म्हणाली.

"असू दे."

कांताने तिचा हात मांडीवर घेतला. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा. लाल रंग चिंधीत उतरत होता आणि खालून मंजुळाचा हात थोडा थोडा मोकळा होत होता. खोलीत रॉकेलचा वास भरला. छताचा पंखा कुरकुरत होता. चांगदेवला तो आवाज ओळखीचा वाटला आणि तो सावध झाला. कांताने पुसलेल्या हाताला खोबरेल लावलं. मग तिने तो हात उचलला, चेहरा खाली आणला, आणि तो तळवा आपल्या गालाला लावून डोळे मिटले. खूप वेळ. दिवसभर शाळा करून आलेली बाई दमून बसते तशी ती बसली होती. मंजुळाने चांगदेवकडे एकदा पाहिलं, मग तिनेही पाहायचं सोडून दिलं.

"हाताखाली एवढंच होतं, दादा," कांता डोळे न उघडता म्हणाली.

चांगदेवला अजूनही सगळं कळलं होतं असं नाही. चहा निवत चालला होता. त्याच्या दोन्ही हातांत कपबशी होती आणि त्याने शेवटपर्यंत पाहिलं.